संत्राबर्फीचा सीन

कुडव्याच्या कैलाश टेंभरेला गोंदिया तालुक्यात लोक ओळखतात ते लग्नाच्या व्हिडिओमुळे. त्याने एक पिक्चरही काढला होता, हे आता फार जणांना आठवत नाही. ज्यांना आठवतं ते अधूनमधून विचारतात, कैलाशभाऊ, तो पिक्चर दाखवा ना एकदा. तो म्हणतो, सीडी खराब झाली. सीडी चांगली आहे. खरं काय घडलं ते त्याने मला सांगितलं, कारण त्यातल्या एका दुपारी मीही तिथे होतो आणि माझ्याकडूनही चूक झाली होती.

१९९९ साली कैलाश कामठ्याहून, आपल्या मूळ गावाहून, नागपूरला बी.एस्सी.ला गेला. आपला जिल्हा त्याच वर्षी भंडाऱ्यापासून वेगळा झाला होता, त्यामुळे गाव विचारलं की गोंदिया जिल्हा म्हणायला त्याला बरं वाटायचं. होस्टेलच्या खोलीत तीन खाटा होत्या. एक कैलाशची, दुसरी वर्ध्याच्या एका मुलाची आणि खिडकीखालची तिसरी धनेंद्रची. धनेंद्र सडक अर्जुनीचा. त्याचे वडील नत्थूलाल हायवेवर ट्रकच्या टायरांचे पंक्चर काढायचे. दोघं एकाच भागातले, एकच बोली बोलणारे, तेव्हा त्यांचंच आधी जमायला हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात धनेंद्र मेसमध्ये कुणाला तरी म्हणाला, "काऊन हासून राहिले बे तुमी?" 'का'ला 'काऊन' म्हटल्यावर अख्खं टेबल हसलं. तेव्हापासून धनेंद्र दिसला की पोरं "काऊन, काऊन" करायची. कैलाशने ते पाहिलं आणि पंधरा दिवसांत स्वतःची बोली बदलून टाकली. धनेंद्र सकाळी म्हणायचा, "कैलाश, जेवाले चालतं का रे?" आणि कैलाश उत्तर द्यायचा हिंदीत, "तू जा, मैं बाद में आता हूँ." खोलीत तिसरं कुणी नसलं तरीसुद्धा हिंदीतच. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

फेब्रुवारीत धनेंद्रचा वाढदिवस होता. त्याने संत्राबर्फीचा डबा आणला, मेसच्या टेबलावर ठेवला, आणि आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आठ वाजता या. पोरांचं ठरलं, कुणी जायचं नाही. सात-आठ जण दाराआड उभे राहून फटीतून बघत होते. त्यांत कैलाशही होता. धनेंद्र बराच वेळ डबा बंद ठेवून बसला. मग त्याने झाकण काढलं, एक वडी उचलली आणि खाल्ली. दाराआड कुणाला तरी हसू आवरलं नाही, मग सगळेच हसले. धनेंद्रने मान वळवून दाराकडे पाहिलं. पुढे आठवडाभर तो रोज सकाळी खाटेवर बसून एकेक वडी खायचा. कुणाला विचारायचा नाही. त्यानंतर तो कैलाशला जेवायला चल असंही म्हणाला नाही. परीक्षा झाली, तो घरी गेला आणि परत आलाच नाही.

कैलाश पदवी घेऊन परतला. नोकरी लागली नाही, तेव्हा त्याने कॅमेरा हातात घेतला. कामात तो चोख होता. नवरीची आई कुठल्या क्षणी रडणार हे त्याला आधीच कळायचं, असं लोक म्हणतात. दुर्गेश्वरीशी लग्न झालं, कुडव्यात स्टुडिओ चालायला लागला. आणि २००८ च्या पावसाळ्यात, लग्नं नसतात त्या दिवसांत, त्याने पिक्चर काढायला घेतला. कॅमेरा लग्नाचा, दिवे मांडवातले, होस्टेलची खोली म्हणून कुडव्यातली एक रिकामी खोली. हिरो म्हणून बायकोचा भाऊ संजू. नाव ठेवलं 'तिसरी खाट'. खेड्यातला मुलगा शहरात कॉलेजला जातो, त्याच्याशी कुणी बोलत नाही, वर्षभराने तो परत येतो, एवढीच कथा. गाणं नाही, मारामारी नाही.

पहिला खेळ कामठ्याला, ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाला. म्हातारी माणसं अर्ध्यातूनच उठली. पोरांनी विचारलं, "हिरोईन कधी येते?" पण कैलाशची आई निर्मलाबाई शेवटपर्यंत बसली होती. घरी आल्यावर तिने त्याचा हात धरला.

"तू नागपुरात असा एकटा जेवत होता का रे? मले कायले नाही सांगितलं?"

कैलाश म्हणाला, "जाऊ दे ना माय. झालं ते."

ती रडली. तो मी नव्हे, एवढं म्हणणं त्याला तेव्हा अवघड नव्हतं. तो बोलला नाही. मग गोंदियाच्या एका वार्ताहरानेही तेच धरून चालून विचारलं आणि त्याने मान डोलावली. बातमी आली, 'एकाकी दिवसांची स्वतःची कहाणी'. दुर्गेश्वरीने ती कापून स्टुडिओच्या काचेला आतून चिकटवली.

मी तेव्हा सडक अर्जुनीच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. माझ्या पुतणीच्या लग्नाचं शूटिंग कैलाशने केलं होतं, त्या ओळखीवर मीच त्याला म्हणालो, आमच्या शाळेत दाखव. रविवारी दुपारी हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. दीडशे-एक माणसं जमली. पोस्टर हायवेवरच्या ढाब्यांवर लावली होती. धनेंद्र ते वाचूनच आला असणार. नंतर कैलाश मला म्हणाला, "सर, मी त्याला बोलावलं नव्हतं. पण तो त्या गावचा आहे हे मला माहीत होतं. तरी मी आलो."

सुरुवातीला लोक शांत होते. पण संजूला आमच्या गावातले बरेच जण ओळखत. मावशीकडे यायचा, इथे क्रिकेट खेळायचा. संत्राबर्फीचा सीन लागला. संजू डबा पुढ्यात घेऊन बसलाय, कुणी येत नाही, मग तो हळूच एक वडी तोंडात घालतो. मागून कुणीतरी ओरडलं, "संज्या, मले ठेवजो एक." सगळा हॉल हसला. दुसरा म्हणाला, "पूरा डब्बा खाऊन राहिला बे." पुन्हा हशा. मी पहिल्या रांगेत होतो. मीही हसलो. शाळेतला मास्तर हसतोय म्हटल्यावर पोरांना अजून चेव आला.

कैलाश मागे प्रोजेक्टरपाशी उभा होता. त्याला त्या उजेडात कडेच्या खुर्चीवर धनेंद्र दिसला. सीन लागायच्या थोडं आधी दिसला होता. वायर काढून लाइट गेली असं सांगता आलं असतं. तो नुसता बघत राहिला. लोक हसत होते आणि धनेंद्र मान वळवून एकेका रांगेकडे पाहत होता. मग तो उठून बाहेर गेला.

कैलाश त्याच्या मागे धावला. धनेंद्र शाळेच्या फाटकाशी मोटारसायकलला किल्ली लावत होता.

"धनेंद्र, थांब ना."

"चांगला काढला पिक्चर," धनेंद्र म्हणाला.

"पूर्ण नाही पाहिलास तू."

"मले माहीत आहे ना पुढचा." तो गाडीवर बसला, पण सुरू केली नाही. "त्या दिवशी तू दाराच्या मांगं होता ना?"

"होतो."

"पिक्चरमंधी दाराच्या मांगं कोणीच नाही."

आठ वर्षांनी कैलाश धनेंद्रशी त्यांच्या बोलीत पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "चुकलं माहं. का करू सांग."

"बाकी राहू दे. तेवढा बर्फीचा काटून टाक. इथं सारे ओळखतेत मले. आज नाही समजलं कोणाले, उद्या समजन."

"काटतो."

"पक्का?"

"पक्का."

धनेंद्र गेला. हॉलमध्ये पिक्चर संपला तेव्हा टाळ्या पडल्या. मी भाषण केलं, ग्रामीण कलावंताचं कौतुक वगैरे.

कैलाशने खरंच तो सीन काढून टाकला. घरी दुर्गेश्वरीला नवी सीडी दाखवली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आता यात उरलं काय? पोरगा येतो आणि जातो." तिचं बरोबर होतं. पिक्चर त्या एका सीनवर उभा होता.

पुढच्या जानेवारीत नागपूरच्या एका कॉलेजच्या महोत्सवाचं बोलावणं आलं. कैलाश दोन्ही सीड्या पिशवीत घालून गेला. दोन का नेल्यास, असं मी विचारलं तर म्हणाला, "पिशवी भरतानाच ठरलं होतं सर. मी स्वतःला सांगत होतो की तिथे गेल्यावर बघू."

तिथे त्याने जुनी सीडी लावली. बर्फीचा सीन आला आणि हॉलमध्ये कुणी हसलं नाही. संपल्यावर रुचि नावाची एक मुलगी माइकपाशी आली. म्हणाली, मी दोन वर्षं एकटीच जेवते, टिफिन लायब्ररीच्या जिन्यात नेऊन खाते. सर, तुम्ही हे सोसलंत आणि आमच्यासाठी सांगितलंत. अर्धा हॉल उठून उभा राहिला. कैलाशने हात जोडले. त्याला बक्षीस मिळालं. एका मोठ्या पेपरात फोटो आला, त्याखाली बर्फीच्या सीनचं सगळं वर्णन, आणि दिग्दर्शकाचा स्वतःचा अनुभव असं लिहिलेलं.

तो पेपर सडक अर्जुनीलाही येतो.

चार दिवसांनी कैलाश मोटारसायकलवर नत्थूलालच्या दुकानात गेला. धनेंद्र एका ट्रकचं चाक उतरवत होता. त्याने काम पुरं केलं, हात धुतले, खुर्ची दिली, समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

कैलाश म्हणाला, "मी तुझं नाव देतो. पेपरला पत्र लिहितो, हा मी नाही म्हणून."

धनेंद्र म्हणाला, "नका लिहू. तुमी लिहाल तर माहं नाव छापून येईल."

"मग काय करू?"

"काहीच नका करू. चहा घ्या."

तू नाही, तुमी. कैलाशने चहा घेतला. दोघं हायवेकडे तोंड करून बसले. मग एक ट्रक थांबला आणि धनेंद्र उठला.

त्यानंतर तीन-चार कॉलेजांची बोलावणी आली, ती कैलाशने नाकारली. काचेवरची बातमी काढली. दुर्गेश्वरीला सगळं सांगितलं. दोन दिवसांनी ती म्हणाली, "ते पोरगी काय करत असेल, जिन्यात जेवणारी?" रुचिला धीर आला होता तो एका खोट्यावर, पण आला होता. खरं सांगितलं तर तिचा तेवढा आधार जातो, आणि नाही सांगितलं तर धनेंद्रचं सोसणं त्याने दुसऱ्यांदा स्वतःच्या नावावर घेतलेलं तसंच राहतं. आईला मात्र त्याने सांगितलं. निर्मलाबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोट्ट्याले माय आहे ना?" आहे, म्हणाला. ती एवढंच बोलली, "तिले तरी त्यानं सांगितलं असन का?"

हे सगळं कैलाशने मला २०१३ च्या उन्हाळ्यात सांगितलं, माझ्या घरी बसून. त्या दिवशी तो देवरीहून एक लग्न आटोपून येत होता. येताना त्याला हायवेच्या कडेला लग्नाचा मांडव दिसला होता. पाटीवर नवरदेव म्हणून धनेंद्रचं नाव होतं. त्याने गाडी हळू केली. शूटिंगला दुसऱ्या कुणाचा तरी माणूस होता, उन्हाकडे कॅमेरा करून उभा, म्हणजे सगळे चेहरे काळे येणार. उतरून सांगावं असं कैलाशला वाटलं.

"मग?" मी विचारलं.

"नाही उतरलो," तो म्हणाला. "मला तिथे पाहून त्याला काय वाटलं असतं सर?"

मी त्याला माझं हसणं सांगितलं. पहिल्या रांगेतलं. तो म्हणाला, माहीत आहे, मी मागून पाहिलं होतं.