डिकीतला दाखला

पालकांशी बोलायला माझ्याकडे एक वेगळा आवाज आहे. घरी तो चालत नाही. बायको म्हणते, हा शाळेतच ठेवून येत जा. शाळेत मात्र तो आजवर चालला, आणि ज्या दिवशी चालायला नको होता त्या दिवशी तर फारच छान चालला.

समुद्रपूर तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतची. दोन खोल्या आणि दोन शिक्षक, मी मुख्याध्यापक अन् एक मॅडम. पट इतका काठावर की एक पोर कमी झालं तर मॅडमचं पद जाणार आणि चारही वर्ग माझ्या गळ्यात पडणार. त्यामुळे गावात कुणाकडे पाळणा हलला की बापाच्या आधी मी खूश होतो.

आमच्याकडे सालदाराचं साल पाडव्याला फिरतं. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर एकाच शेतकऱ्याकडे राबणारा गडी. पाडवा आला की पुष्कळदा मालक नवा, गाव नवं, खोपटंही नवं. वार्षिक परीक्षा मात्र पाडव्यानंतर. म्हणजे अभ्यास एका शाळेत आणि पेपर दुसरीत, तोही झाला तर. हे मला नोकरीला लागल्यापासून माहीत आहे, आणि तेव्हापासून मी त्यावर बैठकांमध्ये कळवळून बोलतो.

त्या साली पाडव्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावातल्या एका सालदाराची बायको चौथीतल्या मुलीला घेऊन दाखला मागायला आली.

“देऊन टाका गुरुजी. तिथले मास्तर म्हनते, दाखला आनल्याबिगर पोरीले बसू देत नाई.”

दाखला नसला तरी मुलाला वर्गात बसवायचं असा नियम आहे. तो मला माहीत होता, तिथल्या मास्तरांनाही असणार. मी कपाटाकडे पाहिलं, पटाचा विचार केला आणि तो आवाज काढला. “ताई, पोरगी हुशार आहे. वर्षभर इथं शिकली, पेपर तिथं काऊन द्यायचा? परीक्षेपुरती येऊ द्या. शेवटच्या पेपरला दाखला हातात देतो.”

पट धरला जायचा होता तो परीक्षेच्या आठवड्यात. हे मी सांगितलं नाही.

दाराशी एका बाजूला झुकून उभ्या मुलीनं विचारलं, “किती वाजता येऊ सर?”

“अकराला.”

पुढच्या आठवड्यात ऊन तापलं आणि शाळा सकाळची करा असा हुकूम आला. मी गावात दवंडी दिल्यासारखं सांगत फिरलो. पिंपळाखाली पत्ते खेळणाऱ्या, शाळेशी काही संबंध नसलेल्या म्हाताऱ्यांनाही सांगितलं. दोन तासांच्या वाटेवर गेलेल्या त्या एका घराला निरोप द्यायचा राहिला.

पहिला पेपर मराठीचा. साडेनवाला संपला. मुलगी दिसली नाही तेव्हा मी मॅडमना म्हणालो, “बघा, या लोकांना किती सांगा.” हे वाक्य मी खरंच बोललो. मग कुलूप लावून हायवेवरच्या जाम गावी गेलो आणि चौरस्त्यावर तर्री-पोहा खायला बसलो. तिथं खिचडी शिजवणाऱ्या काकूंचा फोन आला. लागोपाठ तीनदा आला. डाळ संपली असणार, असं समजून मी उचलला नाही आणि दुसरी प्लेट सांगितली.

दुसऱ्या दिवशी काकू भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पोरगी आलती काल. मायसंग, पायी.”

“मग?”

“मंग काय. कुलूप पायलं. मी तुमाले फोन लावून राह्यलती, तुमी कोन्त्या कामात होते कोनास ठाऊक.”

मी पोह्यांचं बोललो नाही.

“माय म्हने चाल घरी. पोरगी म्हने, सरनं अकराले सांगतलं, येतीन. खिचडीच्या खोलीत उरलेला एक पेपर होता, तो मी देल्ला तिले. वऱ्हांड्यात बसून लेयलं तिनं सारं. दोन वाजेलोक बसली होती. मंग दाराखालून सरकवून गेली.”

वहीची चार पानं दाराच्या आतच पडलेली होती. सकाळी मी त्यांच्यावरूनच आत आलो होतो. दुसऱ्या पानावर माझ्या चपलेचा ठसा. निबंध होता ‘माझे गाव’. तिनं आमच्या गावावर लिहिला होता, आमची विहीर, आमची शाळा असं.

पेपर संपताच दाखला लिहिला, शिक्का मारला आणि गाडी काढली. नव्या गावचा त्यांचा मालक बाजेवर बसून सुपारी कातरत होता.

“ते तं गेले ना गुरुजी. काल बाई दिवसभर कामावर आली नाई. लहानपनापासून सारा गाव ओळखते मले, मी कोनाले उगाच बोलत नाई. बाईले बोल्लो, तं तिचा नवराच माह्यावर उलटला. आज पाह्यटीच बोचकं उचललं.”

“काल बाई शाळेत आली होती.”

“असं काय?” तो सुपारी तोंडात टाकत म्हणाला. “मले तं खोटं वाटलं. म्हनलं, पेपर असता तं मास्तर नसता काय तिथं?”

“कुठं गेले?”

“जामहून गाडीत बसले म्हन्ते. कुठची गाडी, ते नाई मालूम.”

तेव्हापासून तो दाखला मोटरसायकलच्या डिकीत, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. कामापुरताही बाहेर पडलो की उंचीनं तेवढ्या पोरी दिसतात. बसच्या खिडकीत, कापसाच्या गाडीवर, दवाखान्याच्या रांगेत. मी गाडी हळू करतो. वयस्कर माणसानं असं पोरींकडे पाहत फिरणं बरं दिसत नाही, हे मला एक-दोघांनी चांगलंच समजावलं आहे.

गेल्या हिवाळ्यात सिंदीला कापसाच्या बाजाराबाहेर एक पाठमोरी मुलगी दिसली. तशीच एका बाजूला झुकून उभी. मी हाक मारली. ती वळली, आणि ती नव्हती.

शेजारच्या बाईनं, तिच्या आईनं, मला वरखाली पाहिलं. “काय पायता भाऊ? पोरगी हरवली काय तुमची?”

गैरसमज नको म्हणून मी घाईघाईनं डिकी उघडली, कागद दाखवला, सगळं सांगितलं. पोह्यांसकट सांगितलं. बाईनं मुलीचा हात धरून तिला मागं ओढलं. मुलगी मात्र पुढं आली आणि शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाली, “माह्या नावाचा असा निंगत नाई काय?”

“निघेल की,” मी म्हणालो. या वेळी आवाज आपोआपच साधा निघाला. “कोणत्या गावच्या शाळेत होतीस?”

तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कोन्त्या साली?”