आईच्या नावावरचं दुकान

माझ्या भावाला धंद्याचं लायसन्स काढायचं होतं तेव्हा त्याच्याकडे गाडी चालवायचंही लायसन्स नव्हतं. सतरा वर्षांचा होता. बारावीची परीक्षा देऊन उन्हाळ्यात लातूरला मामाकडे गेला आणि मामाच्या ओळखीच्या दुकानात गाड्या चमकवायला शिकून आला. नुसत्या धुवायला नव्हे. रंगावरचे बारीक ओरखडे मशीनने घालवायचे, सीटच्या शिवणीतली धूळ ब्रशने उकरायची, एसीच्या जाळ्या कापसाच्या काडीने पुसायच्या. याला डिटेलिंग म्हणतात, हे त्याने नांदेडला उतरल्या दिवशी आम्हाला तीनदा सांगितलं, आणि बाबांच्या छापखान्याशेजारची कागद ठेवायची खोली मागितली.

बाबांचा छापखाना लहान. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि पत्रकं. संपाची, मोर्चाची, पाण्याची, पीकविम्याची. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं कमीच यायची. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही गणितं सोडवली आणि छापील बाजूवरून वाचायला शिकलो. भावाला त्यातून गणित आलं. मला पत्रकांची चटक लागली. कॉलेजात गेल्यावर मी ती लिहायलाही लागले, आणि बाबा ती फुकट छापायला लागले.

खोली मिळाली. पुढचा प्रश्न नावाचा. अठरा पूर्ण नसलेल्या पोराच्या नावावर दुकानाची नोंदणी करून द्यायला सेतू केंद्रातला माणूस तयार नव्हता. मामाने लातूरहून फोनवर तोडगा दिला, "तुझ्या आईच्या नावावर कर. बाईचं नाव असलं की पुढं कर्जालाबी बरं पडतंय."

भाऊ कागद घेऊन थेट स्वयंपाकघरात गेला. आईचे हात पिठात होते.

"आई, इथं सही कर."

"कशाची?"

"असंच हाय. दुकानाचं."

मी बाहेरच्या खोलीत होते. ते 'असंच हाय' ऐकलं आणि उठले. बायकांच्या नावावर सरपंचपद आणि नवऱ्याच्या हातात शिक्का, यावर मी त्याच महिन्यात पत्रक लिहिलं होतं. ते शेजारच्या खोलीत छापून पडलं होतं, शाई वाळायची होती.

"या घरात बाईची सही 'असंच' होणार नाही," मी म्हणाले. "मालक तिला करतोस ना? मग ती मालक. सगळं वाचून दाखव आधी."

"ताई, सेतूवाला पाच वाजता बंद करून राहिला."

"उद्या उघडेल."

बाबा छापखान्याच्या दारातून म्हणाले, "हो, यावर पण काढा एक पत्रक. कागद हाय भरपूर."

शेवटी मीच वाचून दाखवलं. आई परातीतलं पीठ झाकून, हात धुऊन खाली बसली आणि सगळं ऐकलं. दुकानाचा पत्ता, धंद्याचा प्रकार, मालकाचं नाव. मग तिने एकच विचारलं.

"मालक म्हणजे, गाडीला काही झालं तर भरून कोण देणार?"

"तू," मी म्हणाले.

"आणि गाडी हलवणार कोण?"

आम्ही दोघींनी भावाकडे पाहिलं. त्याने छताकडे.

दुसऱ्या दिवशी आई भावाला घेऊन सेतूत गेली, सोबत मी. दुकान सुरू केल्याची सूचना ऑनलाइन भरली, मग लघुउद्योगाची नोंदणी. ही दुसरी नोंदणी सरकार फुकट करून देतं, आणि सेतूवाल्याने तिचे पैसे मागितले. मी तिथेच भांडायला उभी राहिले. फुकट असं लिहिलंय, तुम्ही कशाचे घेता?

"ताई, नोंदणी फुकटच हाय," तो शांतपणे म्हणाला. "पण मी फुकट हाय का? नेट, लाइट, प्रिंट, आणि अर्धा तास तुमचं ऐकून घेतलं ते?"

श्रमाचं मोल द्यावं असं मीच लिहीत होते. दिले.

विम्याचा माणूस घरीच आला. त्याने चहा घेतला आणि दुकानाचा विमा समजावला: आग, चोरी, आणि गिऱ्हाइकाच्या गाडीला आपल्या हातून काही लागलं तर त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं, वगैरे. आईने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा प्रश्न पुढे केला. लायसन्स नसलेल्या पोराने दुकानासमोर गाडी मागेपुढे केली आणि ठोकली, तर?

"तर कुणीच देणार न्हाई, ताई. ना तुमचा विमा, ना त्यांच्या गाडीचा. वरून पोलीस."

"बरं," आई म्हणाली.

त्या दिवसापासून दुकानाचा पहिला नियम झाला. गाडी आली की किल्ली आईकडे. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, आणि आत-बाहेर करायची ती ढकलत. भाऊ एका बाजूने, त्याचा एक मित्र दुसऱ्या बाजूने, आणि स्टेअरिंगवर स्वतः गिऱ्हाईक; त्यालाही इंजिन सुरू करायची मुभा नाही, आत ठोकली तर नाव दुकानाचंच येणार. नांदेडमध्ये चांगल्या चालत्या गाड्या ढकलत आत नेणारं ते एकच दुकान असावं. येणारे-जाणारे विचारायचे, "काय झालं, बॅटरी बसली का?" भाऊ घामाघूम होऊन म्हणायचा, "न्हाई हो. आमचं वय बसंना."

कराचं काम बाबांच्या ओळखीच्या करसल्लागाराकडे गेलं. तिथे जायच्या आधीच भावाने बाबांकडून बिलबुक छापून घेतलं होतं आणि त्यात एक रकाना जीएसटीचा. करसल्लागारांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे कशाला?"

"बिल मोठं दिसतंय, काका."

"बाळा, तुझी वर्षाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आसपासही जाणार नाही. नोंदणी नसताना लोकांकडून कर घेतलास तर तो तुला मोठं दिसण्यात नाही, दंडात मोजावा लागेल."

सगळी बिलबुकं परत. बाबांनी कुरकुरत तो रकाना काढून पुन्हा छापलं. आधीच्या बिलांच्या पाठी मी वापरल्या.

मला आवडलेली गोष्ट त्यांनी पुढे सांगितली. अल्पवयीन मुलाला इतर मार्गाने आलेलं उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात मिळवतात, पण त्याने स्वतःच्या हाताच्या कामाने किंवा कसबाने कमावलेलं असेल तर ते त्याचंच धरतात. प्राप्तिकराच्या कायद्याने कष्टाला असं वेगळं काढून ठेवलंय, याचा मला इतका आनंद झाला की मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. करसल्लागार म्हणाले, पोरी, मी तीस वर्षं हा धंदा करतोय, कलम ऐकून खूश झालेलं माणूस पहिल्यांदा बघितलं.

"पण तुमच्या बाबतीत," ते आईकडे वळून म्हणाले, "दुकान तुमचं, म्हणून नफा तुमचा. पोराला तुम्ही पगार द्या. तो त्याचा."

"पगार?" आई हसायला लागली. "माझ्या पोराला?"

"काय झालं मग?" भाऊ म्हणाला. "मी काय फुकट ढकलतो काय गाड्या?"

आईने खरोखरच पगार सुरू केला. आणि एकदा पगार द्यायला लागल्यावर ती काम बघायला लागली. दुपारी जेवणं आटपली की ती दुकानात येऊन बसायची. दार उघडून सीटखाली हात घालायची. "इथं वाळू हाय," म्हणायची, आणि वाळू असायची.

माहूरहून आलेल्या नव्या गाड्यांचं काम तर तिच्याशिवाय अडलंच असतं. नवी गाडी घेतली की लोक देवीला नेतात आणि बॉनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढून आणतात. उन्हात ते रंगात मुरतं, डाग बसतो. भावाला ते काढता यायचं, पण देवीचं कुंकू पुसायचं कुणी? भाऊ हात लावेना, त्याचा मित्र तर मागेच सरकायचा. आई पदर डोक्यावर घ्यायची, हात जोडायची आणि स्वच्छ फडक्याने पुसून घ्यायची. ते फडकं तुळशीपाशी धुवायची. मी देवधर्म मानत नाही. त्या वेळी मी तिच्यासाठी दार धरून उभी राहायची, एवढंच.

पावसाळ्यानंतर एक गुत्तेदार आला. रस्त्यांची सरकारी कामं घेणारा माणूस, पांढरी मोठी गाडी, दोन-तीन दिवसांच्या कामाची. जाताना तो भावाला म्हणाला, "झाली की घरी आणून सोड. मला येळ न्हाई."

भावाचा चेहरा उजळला. तशी गाडी चालवायला मिळणं म्हणजे.

"तो आणणार न्हाई," आई खुर्चीवरून म्हणाली. "त्याला लायसन्स न्हाई."

"वहिनी, आता कोण बघतंय? आमच्या गल्लीतली सगळी पोरं चालवतात."

"चालवत असतील. आमच्याकडं न्हाई. तुमचा माणूस पाठवा."

"मालकाला विचारा की जरा."

"मालक मीच हाय."

गुत्तेदाराने एकदा तिच्याकडे, एकदा भावाकडे पाहिलं. "बरं मालक," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पाठवला. पुढच्या महिन्यात त्याची दुसरीही गाडी आली. पण भाऊ त्या रात्री अर्ध्या ताटावरून उठला. आणि मला आईचा इतका अभिमान वाटत होता की ते माझ्या लक्षातही आलं नाही.

हिवाळ्यात तो अठराचा झाला. वाढदिवसाच्या आठवड्यातच लायसन्ससाठी अर्ज केला आणि घरी आल्यावर जेवायच्या ताटावरच विषय काढला.

"आता दुकान माझ्या नावावर करू."

आई भात वाढत होती. वाढत राहिली.

"घाई काय?" मी म्हणाले.

"घाई कशाची? पॉलिश मी करतो. गिऱ्हाईक माझं. हात माझे सोलतात. तूच लिव्हतीस ना ताई, कसेल त्याची जमीन? मंग पुसंल त्याचं दुकान."

बाबा ताटात बघून हसत होते. मला मात्र हसू आलं नाही. त्याचं खरं होतं. आणि आईचंही खरं होतं, जे ती बोलत नव्हती. तिच्या माहेरची जमीन भावांच्या नावावर, हे घर बाबांच्या नावावर, छापखाना बाबांच्या नावावर. तिच्या नावाची एकच गोष्ट या जगात होती, आणि ती मिळावी म्हणून मीच कागद वाचून दाखवले होते. आता दोन्ही बाजूंना माझीच वाक्यं होती. पत्रकात एका बाजूचं लिहायचं असतं.

"ज्याचं त्याला मिळावं," आई शेवटी म्हणाली. "उद्या जाऊ."

सेतूवाल्याने सांगितलं, एकट्याच्या मालकीच्या धंद्यात नाव बदलता येत नाही. आईच्या नावाचं बंद करायचं, त्याच्या नावाने नवं काढायचं. भाऊ म्हणाला, करा. आई त्याच्या शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. मी दाराशी.

सेतूवाला टाइप करत होता. "बंद करायचं कारण काय टाकू?"

"कारण?"

"काहीतरी टाकावं लागतंय. धंदा चालला न्हाई?"

"चालला की! लई चालला."

"मग मालक आजारी? मयत?"

"मयत काय म्हणतो रे!" भाऊ एवढ्या जोरात ओरडला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "शेजारी बसलीय ती! दिसंना का?"

"भाऊ, मी नुसतं विचारून राहिलो."

"मग असं विचारायचं?"

तो उभा राहिला. कान लाल झाले होते. आईकडे बघेना. म्हणाला, "राहू दे. बंद न्हाई करायचं. चल."

रस्त्यावर आल्यावर तो पुढे चालायला लागला. आईने त्याला हाक मारून थांबवलं आणि आम्ही तिथूनच करसल्लागारांकडे गेलो, कारण आईच्या डोक्यात काहीतरी होतं. तिथे गेल्या गेल्या तिने विचारलं, "साहेब, दोघांचं मिळून करता येतं का?"

"भागीदारी? येते की. करार करायचा, भागीदारीचं वेगळं पॅन काढायचं. हिस्सा ठरवा फक्त."

"अर्धा-अर्धा," आई म्हणाली.

"काम मी करतो आन् अर्धं?" भाऊ.

"काम करतोस म्हणून अर्धं देते."

करसल्लागारांनी पेन खाली ठेवलं. मी तोंड उघडलं, तर दोघं एकदमच माझ्याकडे वळून म्हणाली, "तू थांब."

मग तिथे जो सौदा झाला तो मी आठवडी बाजारातसुद्धा ऐकलेला नाही. भावाने सत्तरपासून सुरुवात केली. आईने विम्याचं कलम काढलं, गुत्तेदाराच्या दोन्ही गाड्यांची कामं कुणामुळे टिकली ते विचारलं, सीटखालची वाळू काढली. भावाने हाताची साल दाखवली. आईने तो हात धरला, उलटा-सुलटा बघितला, "मलम का लावत न्हाईस?" म्हणाली आणि त्याच दमात त्याला पंचावन्नच, यावर अडून बसली. शेवटी साठ त्याचे, चाळीस तिचे असं ठरलं. भाऊ बाहेर येऊन मला हळूच म्हणाला, "ही बाई धंद्यात लई पुढं जाईल, ताई." चिडून नव्हे, अगदी खूश होऊन म्हणाला.

घरी आल्यावर बाबांनी दुकानाचा नवा फलक करायला घेतला. भागीदारी झाली म्हणजे दोघांची नावं हवीत. कागदावर कच्चं लिहिताना त्यांनी विचारलं, "वर कुणाचं?"

भाऊ आईकडे बघायला लागला. आई भाजी निवडत होती.

"त्याचंच वर लिहा," ती म्हणाली. "लोक त्यालाच हाक मारतात."

बाबांनी त्याचं नाव लिहिलं आणि खाली तिचं लिहायला घेतलं, तशी ती उठून त्यांच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली.

"अक्षर बारीक करू नका माझं," ती म्हणाली. "तेवढंच मोठं."