भावोजींची जोडणी

माझे भावोजी दशरथ धुरी यांच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. ताईचा नवरा म्हणून त्यांची थट्टा करायचा मला हक्क आहे आणि तो मी मनसोक्त वापरतो, पण ते जनरेटरपाशी उभे असले की मी गप्प. तिथे खुद्द सुलक्षणाताईचं काही चालत नाही, मग मेहुण्याला कोण विचारतो.

त्यांचे वडील कुडाळहून येऊन लालबागच्या गिरणीत लागले होते. गिरणी बंद पडली, बिऱ्हाड दिंडोशीला आलं आणि भावोजी शाळा सोडून एका मांडववाल्याकडे कामाला राहिले. तिथे ट्रॉली जीपला जोडत असताना ड्रायव्हरने न विचारता गाडी मागे घेतली आणि भावोजींच्या डाव्या हाताचं अर्धं बोट गेलं. बोटाचं त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही, राग मात्र जन्मभर पुरवून वापरला. पुढे स्वतःचा जनरेटर घेतला, चाकांवरचा, जीपमागे जोडून न्यायचा. लग्न, शूटिंग, सभा, जिथे वीज लागेल तिथे दशरथ धुरी हजर.

आणि जोडणी फक्त त्यांच्याच हाताची. ट्रॉलीच्या दांड्याच्या टोकाला लोखंडी कडी असते. ती जीपच्या हुकात बसवायची, वरून अंगठ्याएवढी जाड पिन आरपार सोडायची आणि पिनेच्या खालच्या टोकाला भोक असतं त्यात क्लिप अडकवायची. क्लिप नसली तर प्रत्येक खड्ड्याला पिन थोडी थोडी वर उडते, आणि एखाद्या खड्ड्याला उडते ती बाहेरच. मग दोन साखळ्या, दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन, म्हणजे कडी सुटलीच तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. मग दिव्यांची वायर, टायरची हवा, पुढचं छोटं चाक वर. हे चालू असताना कुणी जवळ यायचं नाही आणि झाल्यावर कुणी वाकून बघायचं नाही. एकदा मी वाकलो. "काय रे, आरटीओतून इलंस?" म्हणत त्यांनी मला चारचौघांत असं काही सोललं की पुढे मी ट्रॉलीकडे पाठ करूनच चहा प्यायला लागलो.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि भावोजींचं क्लच दाबणं बंद झालं. स्टिअरिंग त्यांच्या मुलीकडे, मानसीकडे गेलं. पोरगी शांत डोक्याची, हात एकदम पक्का. बापाने तिला नियमही चांगले घालून दिले होते: ट्रॉली मागे असताना पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायचं, उतारावर ब्रेक दाबून धरायचा नाही, खालचा गिअर टाकायचा, आणि फोन बंद करून खणात ठेवायचा. जोडणी मात्र त्यांनी तिलाही शिकवली नाही. शिकवतो शिकवतो म्हणत राहिले. मला विचाराल तर ते बोट त्यांना शिकवू देत नव्हतं.

यंदाच्या खंडेनवमीला नेहमीप्रमाणे पाट मांडला. पाने, हातोडा, जॅकचा दांडा, पिन आणि क्लिप, सगळं रॉकेलने घासून, पुसून, हळदकुंकू लावून पाटावर. झेंडूची फुलं इतकी की लोखंड शोधावं लागत होतं. आमच्याकडे पूजेला बसवलेली हत्यारं दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटल्याशिवाय उचलत नाहीत. धुरींच्या घरात तर हा नियम गिरणीच्या काळापासूनचा, ताईचे सासरे असताना त्या दिवशी घरातली कात्रीसुद्धा कुणी धरायचं नाही.

नेमका दसऱ्याला सकाळी घाटकोपरहून फोन आला. एका छोट्या प्रसूतिगृहाची वीज गेली होती, रस्ता खणताना केबल तुटली म्हणे, आणि त्यांचा स्वतःचा जनरेटर धूर ओकून बंद पडला होता. बायका अडलेल्या. भावोजींनी पाटाकडे बघितलं, हात जोडले, "आई, बायामाणसांचा काम आसा" असं म्हणून फुलांतून पिन तेवढी उचलली आणि बाहेर गेले. क्लिप त्यांच्या खिशात असायची रोज. त्या दिवशी ती फुलांखाली होती.

पिन सोडून झाली, साखळ्या लावून झाल्या, वायर जोडली, आणि आतून ताईची हाक आली, आरती खोळंबलीय. भावोजी हात पुसत आत आले. टाळ्या वाजवून परत गेले तेव्हा मानसीने जीपला आणि ट्रॉलीला झेंडूचे हार बांधले होते, एक हार बरोब्बर जोडावर. त्यांनी टायरला लाथ मारून हवा बघितली, नारळ फोडला आणि पोरगी निघाली.

आम्ही जेवायला बसायच्या बेतात होतो. भावोजी पाटावर आपट्याचं पान ठेवायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं गुडघा धरला. जवळ गेलो तर त्यांच्या तळहातावर क्लिप होती, कुंकवाने माखलेली.

"निल्या, स्कूटर काढ."

फोन लावला. बंद. बंदच असणार, नियमच तसा. ताईने विचारलं काय झालं, तर त्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "काय नाय, वाढून ठेव." त्यांचा आवाज ऐकून ताई पाटाशीच खाली बसली.

गुडघा वाकत नसल्यामुळे भावोजींचा एक पाय स्कूटरच्या बाहेर बांबूसारखा. हायवे, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. दसऱ्याचा दिवस, रिक्षा, टेम्पो, बस, जी ती गाडी झेंडूने मढलेली, आणि आम्हाला हार घातलेली जीप शोधायची होती. दर वेळी पुढे पिवळं काही दिसलं की मी स्कूटर तिकडे दामटायचो. जनरेटर म्हणजे खेळणं नव्हे, सुटला तर मागच्या रिक्षाचा चुराडा, आणि हिसका बसून जीप उलटली तर मानसी. मी हा विचार करत नव्हतो असं म्हणणार नाही. मी दुसरा कुठलाच विचार करत नव्हतो.

"पोलिसांना फोन करूया का?" मी ओरडून विचारलं.

"कर. नंबर सांग गाडीचो."

मी कडेला थांबून फोन केला. पलीकडच्या बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं. पण रस्ता तेवढाच लांब राहिला. सिप्झच्या पुढे खड्डे सुरू झाले. स्कूटर आदळली की पाठीमागे भावोजींच्या तोंडून बारीक हुंकार यायचा, आणि तो गुडघ्याचा नव्हता. पिन प्रत्येक खड्ड्याला कितपत वर येत असेल त्याचा हिशेब चालला होता त्यांचा.

"शिकवूक होया होता रे तिका," ते एकदा म्हणाले. मी ॲक्सिलरेटर पिळला. बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

पवई मागे पडली. गांधीनगरकडे रस्ता खाली उतरतो तिथे पुढे गाड्या तुंबलेल्या दिसल्या आणि डावीकडे माणसांचा घोळका. मी स्कूटर घोळक्याच्या दिशेने घातली. थांबायच्या आधीच भावोजी उतरले, लंगडत, लोकांना ढकलत.

जीप कडेला उभी होती. ट्रॉली मागेच होती, पण दांडा खाली, दोन्ही साखळ्यांवर लोंबकळत, आणि पिनेचा पत्ता नाही. कडीखालचा हार चिरडून त्याचा लगदा झाला होता. फूटपाथच्या कडेला मानसी बसली होती. कुणीतरी दिलेली पाण्याची बाटली तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"उतारावर मागून धडका बसायला लागल्या," ती मला म्हणाली, बापाला नाही. "ब्रेक नाही मारला, मामा. गिअर खाली घेतला आणि हळूहळू कडेला घेतली. कुणाला लागलं नाही."

मग बापाकडे बघून घाईघाईने म्हणाली, "सॉरी बाबा."

"तू कशाक सॉरी?" भावोजींनी मूठ उघडली. "क्लिप पाटार ऱ्हवली. मीच इसारलंय."

मानसीने क्लिपकडे बघितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "हार बांधताना बघितलं मी, क्लिप नाहीय. वाटलं पूजेतली हत्यारं उचलत नाहीत म्हणून तुम्हीच ठेवली असेल मुद्दाम. दुसरं काहीतरी केलं असेल तुम्ही."

"मगे इचारलंस नाय?"

"तुमच्या जोडणीवर?" ती म्हणाली. "कोण विचारतं, बाबा?"

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर भावोजींनी परतवलं असतं. ती खरोखरच सांगत होती. भावोजींनी क्लिप परत मुठीत घेतली. मला त्यांचा राग येत होता आणि वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस काय करतो, मी लोकांना उगाच "चला, चला, गर्दी नको" करू लागलो.

घाटकोपरला फोन केला. तिथे मोबाइलच्या उजेडात एक बाळंतपण उरकलं होतं, दुसरीला कळा सुरू होत्या. थांबायला वेळ नव्हता. जीपच्या पेटीत अडीनडीला ठेवलेली जुनी पिन होती. भावोजींनी जॅक लावला, दांडा उचलला, कडीला कुठे चीर नाही ना म्हणून बोट फिरवलं, कडी हुकात घेतली, पिन सोडली. कुंकू पुसून क्लिप अडकवली. साखळ्या लावल्या, वायर जोडली. मी मदतीला पुढे झालो नाही. सवय.

झाल्यावर ते उठले आणि बाजूला सरकले.

"मानसी," ते म्हणाले, "माझा काय चुकला नाय ना, बघ गो."

तिला आधी समजलंच नाही. मग ती आली, रस्त्यावर गुडघे टेकून जोडाखाली वाकली. क्लिप ओढून बघितली, पिन हलवून बघितली, साखळ्यांवरून हात फिरवला. आणि थांबली. मान वर करून तिने बापाकडे बघितलं, सांगू की नको अशा चेहऱ्याने.

"सांग," भावोजी म्हणाले.

"साखळ्यांना छेद दिला नाही, बाबा. दोन्ही सरळच लागल्यात."

भावोजी खाली बसले, ऑपरेशनचा पाय बाजूला पसरून, भर रस्त्यात. साखळ्या सोडल्या, एकमेकींखालून नेल्या, पुन्हा अडकवल्या. मग अंग चोरून तिच्यासाठी जागा केली.

"आता बघ," ते म्हणाले.