धोट्यात सूत नसताना

कार्तिक अमावस्या. मागाला तेल घालायचं काम. आमच्या वडगावच्या विणकर गल्लीत अमावस्येला कोणी माग चालवत नाही. सकाळी पुसायचा, तेल घालायचं, लिंबू-नारळ झाला की दिवसभर गप्प. एरवी गल्लीभर इतका खडखडाट असतो की एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलायची सवय लागते.

माझी मुलगी सुताच्या पोत्यावर बसून माझ्या मागं लागली होती. ती कॉलेजात शिकते आणि रॅप करते. बेळगावात तिच्यासारख्या पोरापोरींचा एक जलसा होणार होता आणि त्यासाठी गाणं संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून पाठवायचं होतं. मागल्या वेळी तिला घेतलं नव्हतं, कारण इंटरनेटवरून उतरवलेला तिचा ठेका आणखी तिघांनी वापरला होता. आता तिला आमच्या मागाचा आवाज पाहिजे होता.

"बाकीच्या दिवशी सगळी गल्ली वाजती, आई. एकट्या आपल्या मागाचा आवाज आजच मिळणार."

"आज अमावस्या हाय."

"म्हणून तर."

मी तेल घालत राहिले, ती हिप हॉपचा इतिहास सांगत राहिली. पन्नासेक वर्षांमागं न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीत पोरं रस्त्यावरच नाचगाणं करायची. वीज रस्त्याच्या दिव्याच्या खांबावरून घ्यायची.

"म्हणजे आकडा टाकायची."

"व्हय, आकडाच. आणि गाण्यात ढोल तेवढा वाजतो ना, गाणारा गप्प असतो, तिथं लोक जास्त नाचायचे. म्हणून एकानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आणल्या. हिच्यावरचा ढोल संपला की तिच्यावर तोच तुकडा. परत हिच्यावर."

त्या ठेक्यावर कोणी बोलायला लागलं, त्याचं रॅप झालं. कोणी खोकी फाडून जमिनीवर अंथरली आणि त्यावर पाठीवर गरागरा फिरलं. हाणामारीऐवजी नाचून आणि बोलून एकमेकांची जिरवायची. मला ते पटलं.

"आणि एक पोरगा घरात गाणी लावून बसलेला. आई ओरडली, आवाज कमी कर म्हणून. त्यानं तबकडी हातानं धरली, ती खर्र खर्र वाजली. आता सगळं जग तसं वाजवतंय."

"म्हणजे शोध आईनं लावला."

"तसं म्हण. पण माग लाव."

सासूबाई दारात पापडीच्या शेंगा निवडत होत्या. मी विचारलं, "आत्ती, पोरगी माग लाव म्हणती. काय करू?"

"अमावस्येला कापड विणत न्हाईत," त्या म्हणाल्या. शेंग मोडली, दाणे ताटात टाकले. मुलीचं तोंड उतरलं. मग त्यांनीच विचारलं, "धोट्यात सूत घालणार हाईस का?"

"न्हाय घातलं तर?"

"मग कापड कुठलं? फिरव की."

साडी आदल्या दिवशीच कापून काढली होती, तेव्हा नुकसानीचंही भय नव्हतं. आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडं पळतो तो धोटा; मी त्यातली सुताची कांडी काढली, माग चालू करायचा दांडा ओढला. खटाक, खटाक, ठप्प. माग थांबला. परत ओढला. खटाक, खटाक, ठप्प.

इतकी वर्षं मागावर काढून सासूबाईंना आणि मलाही हे सुचलं नव्हतं. सूत नसलं की माग आपोआप बंद पडतो. कापडात भोक पडू नये म्हणून तशी सोयच आहे.

मुलगी रडवेली झाली. "ह्याच्यावर काय म्हणू? दोन खटक्यांत संपतंय."

"त्या पोरानं काय केलतं? तोच तुकडा परत," मी म्हटलं आणि ठप्प झाल्या झाल्या दांडा ओढला. परत. परत. खटाक खटाक ठप्प, खटाक खटाक ठप्प. माझा हात बसला. ती मोबाइल समोर धरून सुरू झाली:

"आईचं सूत तुटलं तर ती गाठ मारती,
माझी ओळ तुटली तर आई काय करती?"

ठप्प नेमकं 'करती'वर पडलं. मला हसू आवरेना, पण हात थांबवला नाही. सासूबाई दाणे पदरात ओतून ताट उलटं धरून ठप्पच्या जागेवर चापट मारायला लागल्या. समोरच्या घरची आक्का धावत आली.

"अमावस्येला माग लावलासा व्हय?"

"माग न्हाय, बाजा हाय," सासूबाई म्हणाल्या. "आत ये न्हायतर गप बस."

आक्का आत आली, पण गप्प बसली नाही. तिचं खिदळणं गाण्यात शेवटपर्यंत आहे. मुलगी म्हणाली, राहू दे. उजेड असतानाच तिनं गाणं पाठवलं.

आम्ही जेवायला बसलो तेव्हा जलशावाल्यांचं उत्तर आलं. तिला घेतलं होतं. खाली विचारलं होतं, ठेका कोणाचा, त्यालाही स्टेजवर आणा.

"काय लिहू?"

"लिही, माग जड हाय, येत न्हाय."

"आणि तू?"

"बघू," मी म्हटलं आणि भाकरी वाढली. सासूबाई म्हणाल्या, "ताट मी आणणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी धोट्यात भरलेली कांडी घातली आणि दांडा ओढला. माग न थांबता चालला. गल्लीही वाजायला लागली होती. थोड्या वेळानं मी उगाच माग थांबवला, परत लावला, परत थांबवला. खटाक, खटाक, ठप्प.

"सूत तुटलं व्हय गं?" सासूबाईंनी हातानं विचारलं.

न्हाय, असा हात केला आणि विणायला लागले.