साबुदाण्याचा ब्राझिली पाव

"भ्यावं माणसानं. दुसऱ्याच्या पोटात जातंय," असं म्हणत आमच्या गेस्टहाऊसच्या मावशी पहिला घास तळहातावर घेऊन चाखत, मगच ताट वाढत. चाकणच्या कंपनीत परदेशी पाहुण्यांची सोय बघणं माझं काम. मोशीच्या फ्लॅटवर त्यांना जेवू घालणं मावशींचं. त्या मूळच्या लातूरकडच्या. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या भित्रेपणावर बाकीचे निर्धास्त असतात.

मग तीन महिन्यांसाठी ब्राझीलचा इंजिनियर आला. पहिल्याच दिवशी त्याने खिशातलं इंजेक्शन दाखवलं. शेंगदाणा पोटात गेला की घसा सुजतो, श्वास कोंडतो. मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्याकडे दाण्याच्या कुटाशिवाय भाजी होते कुठे? त्यांनी कुटाचे डबे घरी नेले, मिक्सर उकळत्या पाण्याने तीनदा धुतला. मी स्वतः सगळी कपाटं तपासली.

गड्याला घरच्या जेवणाची ओढ लागली होती. पुण्यात एक ब्राझिली हॉटेल शोधून काढलं. सळईवरचं मांस टेबलाशी येऊन कापून देत होते. शेंगदाणा नाही ना, असं विचारल्यावर वेटर म्हणाला, "बहुतेक नसेल, सर." त्या 'बहुतेक'वर आम्ही उपाशी उठलो.

परतल्यावर त्याने आईच्या हातच्या चीजच्या पावाचा व्हिडिओ दाखवला. त्याचं पीठ ज्या कंदाचं, त्याच कंदाचा आपला साबुदाणा.

"हे तर उपासाचंच निघालं की," मावशी म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

रविवारी त्यांनी जावयासाठी राखून ठेवलेलं, गावाकडचं घाण्याचं तेल आणलं. "पाहुण्याला पिशवीतलं तेल नको." साबुदाणा दळला, दूध, चीज आणि ते तेल घालून पीठ मळलं. पाव फुलले. त्याने एक खाल्ला, डोळे मिटले, दुसरा खाल्ला. तिसरा हातात असताना ओठ सुजायला लागले.

इंजेक्शन त्याने स्वतःच मांडीत टोचलं. मी गाडी हाणत होतो. मागे मावशींच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. त्याच्या श्वासाची शिट्टी वाजत होती आणि ती थांबू नये एवढंच मी देवाकडे मागत होतो. इतका मी कधीच भ्यालो नव्हतो.

डॉक्टरांनी विचारलं, "तेल कुठलं होतं?"

"घाण्याचं," मावशी म्हणाल्या. मग हळूच, "शेंगदाण्याचं." आणि तिथेच फरशीवर बसल्या. दाणे हुडकून काढले, पण तेलाकडे आम्ही दोघांनीही तेल म्हणूनच पाहिलं होतं.

तो वाचला. मावशी मात्र कामावर आल्या नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी तो हट्टाने मला घेऊन त्यांच्या चिखलीच्या खोलीवर गेला. असा पाव आईनंतर तुमच्याच हातचा खाल्ला, हे त्याचं म्हणणं मी मराठीत सांगितलं. मावशी दारातच हात जोडून उभ्या होत्या. उन्हाने तो घामाघूम झाला होता. त्याने खुणेने पाणी मागितलं.

मावशींनी माठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दुकानातून बाटली आणून द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "सील असलेली."