हिरवं टाळलं, धसकटांत उतरलो

स्कूटरच्या गॅरेजात तापलेल्या तेलाचा वास आला की माझे हात आपोआप पुढे होतात. जणू विमान अजून माझ्याच ताब्यात आहे!

ऐंशीच्या दशकातला एक जानेवारी महिना. मी शिकाऊ वैमानिक, शेजारी शिकवणारे मुंबईचे सर. सिंदी गावाच्या वर आमचं इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. तशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही.

"त्या हिरव्या मैदानात उतरव!" सर ओरडले.

"सर, तो गहू आहे. वाफ्यांत पाणी चमकतंय. चाकं रुतून उलटे होऊ."

आयुष्यात पहिल्यांदा सरांचं न ऐकता मी शेजारच्या, ज्वारी कापलेल्या कोरड्या रानात पेरणीच्या तासांना, म्हणजे ओळींना, धरून विमान टेकवलं. धसकटांनी हाडं खिळखिळी केली, पण दोघंही धडधाकट!

शेतमालक धावत आला. "तिकडं सपाट होतं, इथं काऊन उतरला बे?"

"गव्हाले पाणी देल्लं दिसलं, काका."

तो सरांना म्हणाला, "साहेब, पोट्टं कास्तकाराचं दिसते."

फ्लाइंग क्लबात तोवर मी शेतकऱ्याचा मुलगा असल्याचं लपवून 'वडील व्यापारी आहेत' असं सांगत असे. त्या दिवशी सरांच्या देखत मोठ्यानं म्हणालो, "हाव काका, कास्तकाराचाच आहो. जाम गावाजवळ वावर हाय आमचं!"