ढेपेचं मटण

आमच्याकडे रविवारचं मटण बाया रांधत नाहीत. आलापल्लीजवळच्या आमच्या वस्तीत हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळे पाळतात. मटण माणसांनी आणायचं, माणसांनी कापायचं आणि अंगणात तीन दगडांची चूल मांडून जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, शिजवायचंही माणसांनीच. बायांनी मसाला वाटून द्यायचा, भात टाकायचा आणि गंजातल्या पळीला हात लावायचा नाही. मला हा नियम फार आवडायचा. आठवड्यातून एक दिवस चुलीचा धूर दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत जायचा.

आमच्या अंगणातल्या गंजाचे मालक माझे यजमान. त्यांची सगळी नोकरी लाकूड डेपोत सागाचे लठ्ठे मोजण्यात गेली. लठ्ठ्यावरून हात फिरवून आत पोकळ आहे की भरीव, ते सांगायचे. मटणाचंही तसंच. तुकडा बोटाने दाबायचा आणि आणखी किती जाळ लागेल ते सांगायचं. जेवायला दोन मित्र ठरलेले. एक चार घरं पलीकडे राहणारा, ट्रक चालवून निवृत्त झालेला ड्रायव्हर. दुसरा सिरोंच्याकडून येऊन इथे राहिलेला मासेविक्या. तो मराठी-हिंदी मिसळून बोलतो, पण आश्चर्य तेलुगूतच करतो.

मग मुलीचं बाळंतपण चंद्रपूरच्या दवाखान्यात अडलं. नात वेळेआधी झाली आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी बाहेरच्या बाकावर वही घेऊन बसले होते. शाळेच्या भांडाराचं काम केल्यामुळे मला प्रत्येक गोष्ट वहीत टिपायची सवय आहे. त्या दिवसाच्या पानावर औषधांची नावं, डॉक्टरांच्या फेऱ्यांच्या वेळा, घरून मागवायचे कपडे, सगळं एकाखाली एक लिहिलेलं आहे. यजमान भिंतीला टेकून उभे होते. ते एकदम म्हणाले, "पोरगी अन् नात सुखरूप घरी आल्या तं मी मटण-मच्छी खानार नाई." मी तेही लिहिलं आणि सवयीने विचारलं, "किती दिवस?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वही मिटली.

नात घरी आली. आता ती धावते आणि आमच्याकडे आली की माझ्या वहीवर पेन्सिलने रेघोट्या ओढते. नवस मात्र मुदतीशिवायच राहिला.

आमच्या अंगणातलं रविवारचं मटण मग ड्रायव्हरच्या अंगणात शिजू लागलं. पहिले दोन रविवार दोघा मित्रांनी यजमानांना बोलावलं. हे जाऊन कांदा-भात खाऊन आले. तिसऱ्या रविवारी हे गेले नाहीत आणि चौथ्या रविवारपासून मित्रांनीही बोलावणं सोडलं. समोर बसून मटण चघळायची त्यांना लाज वाटायची म्हणे. हे ओसरीवर बसून राहायचे. मटण कापायची सुरी मात्र दर रविवारी सकाळी काढून दगडावर घासायचे, धार अंगठ्यावर पाहायचे आणि पुन्हा कपड्यात गुंडाळून ठेवायचे. दोन वाक्यांपलीकडे बोलत नसत. सहा महिन्यांत त्यांचे सदरे ढिले झाले. हा माणूस असाच एकटा ओसरीवर वाळत जाणार, याची मला मनापासून भीती वाटली.

मी कामाला लागले. रोग ठरवला: मटण नाही म्हणून माणसं येत नाहीत. उपाय ठरवला: मटणासारखं काही आणायचं. वहीत चार रकाने आखले: वस्तू, कुठून आणली, कशी शिजवली, शेरा. हा उपाय मला सुचला याची आजही मला लाज वाटते.

पहिली आली सोयाबीनची वडी. गडचांदूरकडे माझ्या भावाची शेती आहे आणि तो सोयाबीन पिकवतो. मी वडीची पिशवी घेऊन आले तेव्हा तो आमच्याकडे मुक्कामाला होता. त्याने एक वडी बोटांत धरून दाबली आणि हसला.

"बाई, तेल काढून घेतल्यावर काय उरते?"

"ढेप."

"मंग हे काय होय?"

मी पिशवीवरचं वाचून दाखवलं. इतकं प्रोटीन, तितकं अमुक, सुदृढ कुटुंबाचं चित्र. तो म्हणाला, "तेच ना. बैलाले घातली तं ढेप, मास्तरनीले इकली तं प्रोटीन."

मी मास्तरीण नाही, भांडार पाहत होते. पण मुद्दा बरोबर होता. वडी मी उकळली, पिळली, पुन्हा उकळली, पुन्हा पिळली. धुण्याच्या दिवशी मोजे पिळतात तशी. पाट्यावर वाटलेला मसाला, खसखस, खोबरं, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं घातलं. मसाल्याने आपलं काम चोख केलं. वडीने काहीच केलं नाही. ती रस्सा पिऊन फुगली आणि दाताखाली आली की तोच रस्सा कोमट करून परत देत होती. शेरा: स्पंज.

दुसरी वस्तू सोयाची चाप. नागपूरहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगून मागवली. सोया आणि मैद्याची पट्टी एका लाकडी काडीभोवती गुंडाळलेली असते. काडी कशाला, म्हणून मी विचार केला. ती हाडाची जागा घेते! मटण खाताना हाड हातात धरायला मिळतं, म्हणून बिनहाडाच्या माणसांसाठी आइस्क्रीमची काडी. यजमानांनी चाप खाल्ली नाही, पण काडी ओढून काढली, उजेडात धरली आणि महिन्यात पहिल्यांदा आपणहून बोलले.

"हे कोनतं लाकूड होय?"

"मला काय माहीत?"

"असल्या लाकडाले आमी डेपोत जागा देत नवतो."

शेरा: काडीच बरी.

कच्च्या फणसाबद्दल मी वाईट लिहिणार नाही. फणस झाडाला लागतो आणि आपण फणस आहोत हे लपवत नाही. त्याला मटण म्हणणारे लोक लबाड आहेत, त्यात त्याचा काय दोष? आमच्या आईची पाटोडीही तशीच. बेसनाची वडी थापायची, मटणाच्याच मसाल्याच्या रश्श्यात सोडायची. ती ताटात आली की पाटोडी म्हणूनच यायची आणि आम्ही पाटोडी म्हणूनच बोटं चाटायचो. तिने कधी आपण बकऱ्याच्या कुळातल्या आहोत असं सांगितलं नाही.

सगळ्यात वरचढ निघाली मुलीने सासरहून पाठवलेली वस्तू. तिने वनस्पतींपासून बनवलेलं 'मटण' इंटरनेटवरून मागवलं आणि बर्फाच्या खोक्यात घालून बसने पाठवलं. खोकं आमच्यापर्यंत आलं तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. पाकिटावर हिरवं पान, हसणारं बकरू आणि आत तांबड्या रंगाचा लगदा. मी मागची यादी वाचली. आयुष्यभर मी याद्या केल्या आहेत. तांदूळ, तूरडाळ, मीठ, हळद, जे आहे ते लिहायचं. या यादीत चार ओळींनंतर खाण्याची वस्तू संपली आणि रसायनांचे आकडे सुरू झाले. तव्यावर टाकलं की त्यातून बिटाचं लाल पाणी सुटतं आणि ते रक्तासारखं दिसतं, ही त्यांची मोठी बढाई. मला एवढंच कळेना, की जीव मारायचा नाही म्हणून ज्याने मटण सोडलं, त्याला रक्त कशाला दाखवता? आणि ज्याला रक्त हवं, तो आमच्या बाजारात रविवारी सकाळी रांगेत उभा असतोच.

तरीही मी ते शिजवलं. खोकं आलं होतं, वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय मला माणसं अंगणात आणायची होती. मी दोन्ही मित्रांना निरोप पाठवला: रविवारी जेवायला या, वेगळं काहीतरी केलं आहे.

ते आले, अंघोळी करून आणि केस विंचरून. मीच सगळं स्वयंपाकघरात शिजवलं होतं. शिजलेलं गंजात ओतलं आणि गंज नुसता अंगणात नेऊन ठेवला, विझलेल्या चुलीशेजारी. यजमान पाटावर बसले होते, पाहुण्यासारखे हात मांडीवर ठेवून. मी वाढलं.

मासेविक्याने घास घेतला. चघळला. आणखी चघळला. त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले. "अय्यो," तो म्हणाला.

ड्रायव्हरने बोटांनी तुकडा मोडून पाहिला. तो मोडला नाही, लांबला.

"वयनी, एक इचारू का?"

"विचारा."

"हे बकरं कायनं मेलं?"

"मेलं कुठी गा," मासेविक्या म्हणाला, "हे तं जन्मलंच नाई."

मला हसू आलं, पण यजमान हसले नाहीत. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. ताटाला हातही लावला नव्हता.

"मी सोडलं म्हंजे सोडलं," ते म्हणाले. "मंग त्याचं सोंग काऊन खाऊ? अन् तू यायले काऊन खाऊ घालून राह्यली?"

"तुम्ही एकटे बसता म्हणून," मी म्हटलं. चौघांत असं बोलायची मला सवय नाही. पण आता चार रकान्यांत शेऱ्यांशिवाय काही उरलं नव्हतं, म्हणून बोलले. "हे दोघे यावेत म्हणून."

ड्रायव्हर ताटातल्या लगद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, खरं सांगू? आमच्या अंगनात तरी कोनतं मटण होऊन राह्यलं? मी शिजवतो तं रस्सा एकीकडे, तुकडे एकीकडे. मागच्या रईवारी कुत्र्यालेबी जास्त झालं."

"तेरे से नाई होता, मैं बोला," मासेविक्याने मध्येच तोंड घातलं. मग यजमानांकडे वळून म्हणाला, "तुमी खायाचं सोडलं भाऊ. रांधायाचंबी सोडलं काय?"

हे यजमानांना सुचलंच नव्हतं, आणि मलाही. इतके दिवस मी ताटात काय घालायचं याचा विचार करत होते. सुरी दर रविवारी दगडावर घासली जात होती, ती मी पाहत होते. माझ्यासारख्या बाईने हे वहीत लिहायला हवं होतं.

"तसा नवस मोडत तं नाई?" त्यांनी शेवटी विचारलं. मित्रांना नाही, मला. "मी तई काय म्हनलो होतो?"

मी घरात जाऊन जुनी वही आणली. दवाखान्याचं पान सापडायला वेळ लागला नाही, माझ्या वह्यांवर महिने घातलेले असतात. औषधं, फेऱ्यांच्या वेळा, कपडे आणि सगळ्यात खाली ती ओळ. मी वाचून दाखवली: मटण-मच्छी खाणार नाही. पुढे काही नव्हतं. आणायचं नाही, कापायचं नाही, हात लावायचा नाही, असं काहीही नव्हतं.

"पक्कं?"

"तुमच्यासमोर लिहिलं होतं."

त्यांनी पान स्वतः वाचलं, बोट ठेवून. मग वही माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे ताटं उचल पयले."

उरलेला लगदा आणि वडीची अर्धी पिशवी दुसऱ्या दिवशी आलेला माझा भाऊ जाताना घेऊन गेला. त्याचा बैल वडी खातो, असं त्याने कळवलं. पाकिटातल्या लगद्याला मात्र बैलाने नाक लावून तोंड फिरवलं. बैलाचा शेरा मी माझ्या वहीत चौथ्या रकान्यात उतरवून घेतला आणि ते पान बंद केलं.

पुढच्या रविवारी हे सकाळीच सायकलवर बाजारात गेले. परत आले ते मांडीच्या तुकड्यावरून दुकानदाराशी झालेलं भांडण सांगतच. अंगणात चूल पेटली. सुरी कपड्यातून बाहेर आली. ड्रायव्हर लाकडं फोडत होता आणि मासेविक्या कांदे कापत सगळ्यांना शिकवत होता. यजमानांनी स्वतःसाठी बाजूला एका लहान गंजात त्याच मसाल्यात वांगी टाकली. ती वांगी वांगीच होती. मी मसाला वाटून दिला, भात टाकला आणि दारातल्या पायरीवर बसले.

गंज रटरटायला लागला. यजमानांनी तुकडा बोटाने दाबला, मान हलवली, जाळ कमी केला. मग पळी हातात घेऊन तोंडापर्यंत नेली आणि तिथेच थांबले. रस्सा पळीत होता, मीठ पाहायचं होतं. ड्रायव्हरने हात पुढे केला तर म्हणाले, "तुले मीठ कई समजलं?" मासेविक्याला त्यांनी विचारलंही नाही. ते माझ्याकडे वळले.

"अवो, मीठ पाय."

इतक्या वर्षांत त्या पळीला माझा हात लागला नव्हता. दोघे मित्र पळीकडे पाहत राहिले. मी पदराला हात पुसले, उठले, पळी घेतली, फुंकर मारली आणि चाखलं.

"मीठ बरोबर आहे," मी म्हटलं. "मिरे कमी आहेत."

"मिऱ्याचं कोनं इचारलं तुले?" ते म्हणाले आणि मिऱ्याची डबी उघडली.